बांधलेला हात

"सर, तुम्हाला शिकवलं कुणी?"

प्रणितने हेच शब्द वापरले होते, की "तुमचा कोच कोण होता" असं विचारलं होतं, हे आता मला खात्रीने सांगता येणार नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. जे आठवतं त्यातलं किती घडलेलं आणि किती मी मागाहून नीटनेटकं करून ठेवलेलं, अशी शंका मला सारखी येते. शब्द इकडचे तिकडे झाले असतील. स्वर मात्र आठवतो. विचारणाऱ्याला उत्तर नको होतं.

संध्याकाळ होती. सराव संपला होता. कॉलेजच्या सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानाच्या कडेला आम्ही चौघे उरलो होतो.

नीलकंठ वलथरे, नवे कोच. रुजू होऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. प्रणित ढोमणे, संघाचा कॅप्टन. सुमेध, संघातला सगळ्यात बुटका खेळाडू. त्याचं सुजलेलं बोट बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं होतं. आणि मी, तर्कशास्त्राचा प्राध्यापक, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून क्रीडा समितीचा अध्यक्ष.

भांडण एका नियमावरून होतं.

कुठल्याही मैदानावर ज्याच्या हातून चेंडू सुटतो, तोच धावत जाऊन आणतो. वलथऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे उलटं केलं. पास सुटला तर चेंडू फेकणाऱ्याने आणायचा.

मैदानाला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे म्हशींचा गोठा. प्रणितचे पास गोफणीतून सुटल्यासारखे यायचे. त्यातले बरेचसे गोठ्यात जायचे. गोठ्याची मालकीण आता त्याची वाट बघायची.

"आला का कॅप्टन? आलाच आहे त एवढी पेंड टाक म्हशीपुढं," असं ती त्या दिवशी ओरडली होती. सगळा संघ हसला होता.

प्रणित हसला नव्हता.

जिल्ह्यात त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हता, हे खरंच होतं. विद्यापीठाच्या संघात निवड, मग खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात भरती, असं त्याने ठरवलेलं होतं. घरी तो एकटा मुलगा. नागपूरचं एक कॉलेज त्याला बोलावत होतं आणि तिथले प्रवेश अजून बंद झाले नव्हते. "हे सर राहणार असतील तर मी उद्या दाखला काढतो," असं तो प्राचार्यांना सांगून आला होता.

प्राचार्यांनी वलथऱ्यांना बोलावलं, तेव्हा मी तिथेच होतो. तुमची नेमणूक कंत्राटी आहे, त्या म्हणाल्या. कॅप्टन गेला तर तुम्हालाही ठेवता येणार नाही.

"बरं," वलथरे म्हणाले.

बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "सर, हे प्रणितला कळू देऊ नका."

त्यांच्या घरी बायको होती, तान्हं मूल होतं. या नोकरीच्या भरवशावर त्यांनी गावातली खोली सोडून इथे बिऱ्हाड केलं होतं.

तर प्रणितने विचारलं, "तुम्हाला शिकवलं कुणी?"

वलथरे चेंडू फडक्याने पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"माझ्या मोठबांनी."

आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठबा म्हणतात, त्याच्या बायकोला मोठाई.

"ते बास्केटबॉल खेळायचे?"

"नाही. त्यांनी चेंडू कधी बघितलाही नसेल."

प्रणितने माझ्याकडे बघितलं. बघा, अशा अर्थाने.

"मग काय करायचे?"

"टरबुजं लावायचे. वैनगंगेच्या रेतीत."

सुमेधला हसू आलं. त्याने ते दाबलं.

"सर, तुम्ही स्टेट खेळलात?" प्रणितने विचारलं.

"नाही. जिल्हा खेळलो. पुढे निवड झाली नाही."

"काऊन?"

"मी बास्केट फारशा करत नव्हतो."

"मग करत काय होते?"

"पास देत होतो."

प्रणित उठून उभा राहिला. "सर, राग नका मानू. मले तुमच्यासारखं जिल्ह्यावर थांबायचं नाही. मी पास वेळेवर देतो. सरळ देतो. यांच्या हाताले लोणी लावलं आहे, त्याले मी काय करू? अन् म्हशींत मी जाऊ?"

मी मध्ये काहीतरी बोलायला गेलो. काय, ते आठवत नाही. नियम तात्पुरता शिथिल करता येईल का, असलंच काहीतरी असेल.

वलथऱ्यांनी हात किंचित वर केला. मी थांबलो.

"बस," ते प्रणितला म्हणाले. "उद्या जायचंच आहे ना? मग आज बस."

प्रणित बसला. पण टेकला नाही.

"आमचं ढिवरांचं घर," वलथरे म्हणाले. "बाबा कामाला भिलाईकडे गेले ते तिकडचेच झाले. माय दुसरीकडे गेली. मी मोठबा आणि मोठाईकडे राहिलो. पावसाळ्यात मासे. नदी उतरली की रेतीत खड्डे करायचे, खत टाकायचं, वेल लावायचे. उन्हाळ्यात टरबुजं निघायची."

"बरं."

"ट्रक रेतीत येत नाही. चाकं रुततात. तो काठावर उभा. मग टरबूज न्यायचं कसं?"

"टोपल्यात."

"टोपलं घेऊन रेतीत चालून बघ. आम्ही रांग करायचो. वेलापासून ट्रकपर्यंत. एकाने फेकायचं, दुसऱ्याने झेलायचं, वळायचं, तिसऱ्याकडे फेकायचं. माणसं, बाया, पोट्टे, सगळे."

सुमेधने बोट पाण्यातून बाहेर काढलं. तो ऐकत होता.

"अन् फुटलं तर?" त्याने विचारलं.

"फुटलं तर ज्याने फेकलं त्याने रांगेतून बाहेर यायचं. खाली बसायचं. आणि ते सगळ्यांच्या समोर एकट्याने खाऊन संपवायचं."

"वा!" सुमेध म्हणाला. "मी त रोज फोडलं असतं."

"मीही फोडलं. पहिल्याच दिवशी, मुद्दाम. मला वाटलं, केवढी चांगली शिक्षा आहे." वलथरे हसले. "बसलो. खायला लागलो. माझ्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघे एकेक पाऊल सरकले. मधली जागा भरली. रांग चालू. मी तोंड भरून खातोय, कुणी माझ्याकडे बघत नाही, कुणी रागवत नाही... माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही."

प्रणित जमिनीकडे बघत होता.

"गोड लागेना," वलथरे म्हणाले.

गोठ्यातून बादलीचा आवाज आला.

"पण यात तुमच्या मोठबांनी शिकवलं काय?" प्रणितने विचारलं. आता स्वर जरा खाली आला होता, पण जराच.

"त्या वर्षी हिवाळ्यात नावेतून उतरताना मोठबा पडले. उजवं मनगट मोडलं. मोठाईने चिंधी गुंडाळून हात बांधून दिला. सगळे म्हणाले, घरी बसा. ते बसले नाहीत. उन्हाळ्यात रांग लागली तेव्हाही हात बांधलेलाच, तरी हजर. एका हाताने आणि छातीने झेलायचे. डाव्या हातात टरबूज आलं की पोटाशी धरायचे आणि कुशीने पुढच्याला द्यायचे."

"मग त्यांच्या अलीकडे कोण उभा राहणार?" प्रणित म्हणाला. "त्यांच्याकडून सुटणारच. अन् खायची पाळी फेकणाऱ्यावर."

"कुणी उभं राहीना."

"मग?"

"मी मुद्दाम फोडलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. मला उभं केलं."

सुमेध मोठ्याने हसला. प्रणितच्याही ओठाचा कोपरा हलला, असं मला वाटलं. खात्री नाही.

"पहिलं टरबूज मी फेकलं, ते त्यांच्या खांद्याला लागून पडलं. मी बसलो, खाल्लं. परत उभा राहिलो. दुसरं फेकलं. परत बसलो. संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं झालं. तेव्हापासून मी टरबूज खात नाही. लग्नात कुणी फोड पुढे केली तरी मळमळतं."

"अन् ते रागवायचे नाहीत?"

"एक शब्द नाही. कसं फेक, तेही सांगितलं नाही. नुसते उभे राहायचे. पुढचं टरबूज मागायचे."

"मग तुम्ही शिकलात कसं?"

वलथऱ्यांनी जरा विचार केला.

"आधी मी टरबुजाकडे बघून फेकायचो. मग त्यांच्या हाताकडे बघायला लागलो. मग पायाकडे. पाय रेतीत बसलाय का, की ते अजून वळतायत. मग तोंडाकडे. दुखतंय का... एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून एकही फुटलं नाही. मोठबांनी तेही बोलून दाखवलं नाही."

"आणि तेच तुमचे कोच."

"हो."

"मोडक्या हाताचा माणूस."

"हो. ज्याला झेलता येत नव्हतं, तो."

प्रणितने मान हलवली. "सर, गोष्ट चांगली आहे. पण मॅच म्हणजे टरबुजं नाहीत. समोर पाच जण अंगावर येतात. हात बघा, पाय बघा, तोंड बघा... एवढा वेळ असते कुठं?"

वलथरे उठले. सुमेधच्या शेजारी प्रथमोपचाराची पेटी होती. तिच्यातून त्यांनी पट्टीची गुंडाळी काढली आणि आपला उजवा हात प्रणितपुढे केला.

"बांध."

"तुमचा हात त चांगला आहे."

"बांध."

प्रणितने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मला स्वतःलाच काही कळत नव्हतं. त्याने पट्टी गुंडाळली. हात पोटाशी नेऊन कमरेच्या पट्ट्याला गाठ मारली. गाठ जरा जास्तच आवळली, हे माझ्या लक्षात आलं.

वलथरे मैदानात जाऊन उभे राहिले.

"दे."

प्रणितने चेंडू घेतला आणि फेकला. नेहमीसारखा. चेंडू वलथऱ्यांच्या हनुवटीवर आदळला. डोकं मागे झटकलं गेलं. चेंडू घरंगळत कुंपणाशी गेला.

"सर!" मी ओरडलो.

"दे," वलथरे म्हणाले.

प्रणित चेंडू घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. या वेळी त्याने इतका हळू फेकला की चेंडू मध्येच खाली पडला.

"मी म्हातारा नाही," वलथरे म्हणाले. "दे."

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. फेकणं, सुटणं, आणणं. प्रणित चेंडू आणायला जायचा आणि परत येताना आधी त्या बांधलेल्या हाताकडे बघायचा, मग मोकळ्या हाताकडे. एकदा तो दोन पावलं पुढे सरकला. एकदा डावीकडे झाला. शेवटी चेंडू त्याच्या हातातून सुटला आणि वलथऱ्यांच्या डाव्या तळव्यावर असा येऊन बसला, की त्यांना हात हलवावाही लागला नाही.

सुमेध म्हणाला, "आईशप्पथ."

प्रणित धापा टाकत उभा होता.

"हे मले येते," तो म्हणाला. "येत नाही असं नाही. पण असं खेळलो त निवड होणार नाही. निवडणारे बास्केट मोजतात, पास नाही मोजत. तुमची नाही झाली, माझीबी होणार नाही. मले नोकरी पाहिजे सर."

"खरं आहे," वलथरे म्हणाले.

"मग?"

"मग काय. तू म्हणतोस ते खरं आहे."

"म्हणजे मी जाऊ?"

"नागपूरला मैदान चांगलं आहे. लाकडी आहे. जायचं तर जा. मी प्राचार्यांना सांगेन, मुलगा चांगला आहे, अडवू नका."

तेव्हा सुमेध उभा राहिला. बर्फाचं भांडं उपडं झालं.

"लय शहाणा आहे बे तू," तो प्रणितला म्हणाला. "तू गेला त सरांची नोकरी जाते. माहीत आहे का तुले? आख्ख्या होस्टेलले माहीत आहे. त्याहीच्या घरी लहान लेकरू आहे. जाय आता. काढ दाखला."

पाणी सिमेंटवरून वाहत आमच्या पायांपर्यंत आलं.

प्रणितचं तोंड पांढरं पडलं. मी वलथऱ्यांकडे बघितलं. मला वाटलं, चला, निदान सुटले. आता पोरगा कुठे जात नाही. मी मनातल्या मनात सुमेधचे आभारही मानले.

वलथरे मात्र चिडले होते. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं, आधी नाही आणि नंतरही नाही.

"सुमेध," ते म्हणाले, "हा पास जोरात गेला."

"पण सर, खरं आहे ते!"

"खरं आहे म्हणून काय झालं? तो कुठे उभा आहे ते बघितलंस का फेकायच्या आधी?"

सुमेध वाकून उपडं भांडं उचलायला लागला.

"हे खरं आहे सर?" प्रणितने विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

वलथरे त्याच्याजवळ गेले आणि बांधलेला हात पुढे करून म्हणाले, "हे सोड. केवढी गच्च बांधलीस."

गाठ सुटता सुटेना. प्रणित खाली मान घालून तिच्याशी झटत राहिला. दोघे अगदी जवळ उभे होते. वलथरे हळू आवाजात त्याला काहीतरी म्हणाले. एक वाक्य ऐकू आलं. पण मी लांब होतो, तेव्हा जबाबदारी घेत नाही.

"माझ्या नोकरीचं ओझं तू घेऊ नकोस. ते तुझ्याकडे फेकलेलं नव्हतं."

गाठ सुटली. प्रणित सायकलवर बसला आणि गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरगा दयेपोटी थांबला तर ते चांगलं, की निघून गेला तर ते? तर्काने मला दोन्ही बाजू सारख्याच मांडता येत होत्या आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

प्रणित दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेला नाही. त्या दिवशी तो सरावालाही आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आला, आणि आल्या आल्या वलथऱ्यांना म्हणाला, "सर, तुमच्यासाठी नाही थांबलो."

"बरं झालं," वलथरे म्हणाले. "पळायला लाग."

त्या वर्षी विद्यापीठाच्या संघात निवड झाली ती सुमेधची. प्रणितच्या पासांवर त्याच्या बास्केट सगळ्यात जास्त भरल्या. प्रणितची निवड पुढच्या वर्षी झाली. आज तो पोलिसात आहे. म्हणजे माझं म्हणणं असं नाही की सगळं त्या संध्याकाळमुळे झालं. कदाचित तसंही झालं असतं.

मला खात होती ती वेगळीच शंका. मोठबा नावाचा माणूस होता का? गोष्ट फारच नेमकी होती. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला नेमक्या गोष्टींचा संशय येतो. एखादा हुशार कोच, बंड करून उठलेल्या पोरापुढे, वेळ मारून नेण्यासाठी असली गोष्ट रचू शकतो. वलथऱ्यांना विचारणं मला जमलं नाही. त्यात त्यांच्यावर अविश्वास दिसला असता.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी मी नदीकाठच्या त्या भागात गेलो होतो. वलथऱ्यांचं गाव जवळच होतं. विचारत विचारत घर सापडलं. मोठबा वारले होते. अंगणात एक म्हातारी जाळं दुरुस्त करत बसली होती.

मी नीलकंठच्या कॉलेजातला, असं सांगितल्यावर तिने पिढं दिलं, पाणी दिलं.

मी टरबुजांच्या रांगेचं विचारलं. होती, ती म्हणाली. फुटलेलं खायची रीत विचारली. तीही होती. नीलकंठ लहानपणी मोठबांच्या अलीकडे उभा राहायचा का? हो, सगळा उन्हाळा.

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "मोडक्या हाताने सगळा उन्हाळा काम केलं म्हणजे फार सोसलं असेल त्यांनी."

म्हातारीने जाळ्यातून मान वर केली.

"मोडक्या हातानं? त्याहीचा हात त होळीच्या आधीच बरा झाला होता. नाव वल्हवत होते की दोन्ही हातानं."

"पण मग चिंधी..."

"चिंधी बांधत होते. रांगेत उभं राहाले जायचं झालं का बांधायचे, घरी आले का सोडून ठेवायचे. धुवून त मीच देत होती."

"का बांधायचे?"

"मले काय माहीत बापा. म्या विचारलं नाही." ती परत जाळ्यात बघायला लागली. "पोट्टा लय साजरा फेकते, म्हणत होते."

परत आल्यावर बरेच दिवस हे वलथऱ्यांना सांगावं की नाही, याचा मी विचार करत होतो. माणसाने आयुष्यभर जपलेल्या गोष्टीत आपण हात घालावा का? शेवटी राहवलं नाही. मैदानावर गेलो. ते आता कायम झाले होते, केस पांढरे व्हायला लागले होते, मैदानात नवी पोरं पळत होती.

मी त्यांच्या शेजारी बसून मोठाई काय म्हणाली ते सगळं सांगितलं.

ते पोरांकडे बघत राहिले.

"ठाऊक आहे सर," ते म्हणाले. "मी त्यांना दोन्ही हातांनी नाव वल्हवताना बघितलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच. रांग सुरू झाली त्याच आठवड्यात."

"मग... मग सगळा उन्हाळा तुम्ही इतकं जपून का फेकत राहिलात?"

एका पोराच्या हातून चेंडू सुटून आमच्याकडे आला. वलथऱ्यांनी तो उचलला, त्या पोराचे पाय थांबेपर्यंत हातात धरून ठेवला आणि मग दिला.

"त्यांना वाटत होतं ना सर... की मला माहीत नाही."